आना माह्या अंगावर

पुंजाजीभाऊंच्या अंगावर मी आजवर पाच वेळा गाडी घातली आहे. पाचही वेळा दिवसाढवळ्या, स्टिअरिंगवरचे दोन्ही हात सोडून, आणि त्यांच्याच सांगण्यावरून. त्याबद्दल माझ्या मनात काही नाही. ज्याबद्दल आहे, ते पुढे येईलच.

पुंजाजीभाऊ म्हणजे नांदुऱ्याचे पुंजाजी मिस्त्री. जुन्या चारचाकी गाड्यांचं समोरचं काम करायचे, तेवढंच. कुणी इंजिनाची तक्रार घेऊन आलं तर म्हणायचे, ‘‘मी गुडघ्याचा डॉक्टर हाये, पोटाचा नाही. पुढं जा.’’ समोरचं काम म्हणजे मुख्यतः बॉल जॉइंट. पुढचं चाक गाडीला जिथे जोडलेलं असतं, तिथे एका वाटीत लोखंडी गोटी असते. तिच्यावर चाक वळतं आणि वर-खाली होतं. वरचं रबर फाटलं की ग्रीस जातं, धूळ शिरते, वाटी झिजते, आणि गाडी वळताना टकटक बोलायला लागते. मग गोटी-वाटी बदलायची आणि दोन्ही चाकं पुन्हा एका ओळीत आणायची. स्वतः पुंजाजीभाऊ उंचीने बेताचे, डोक्याला मळका रुमाल, आणि मिशी अशी की हसताहेत की नाही ते मिशीवरून कळू नये. मला वाटतं, त्यासाठीच ठेवली होती.

मी राहतो नांदुऱ्यात, शिकवतो जळगाव जामोदच्या शाळेत, विज्ञान. रोज जाण्यायेण्यासाठी मी तिसऱ्या हातातली पांढरी आठशे घेतली आणि चौथ्या महिन्यात ती बोलू लागली. पुंजाजीभाऊंनी गाडी जॅकवर घेतली आणि स्वतः हात न लावता मलाच चाकासमोर बसवलं.

‘‘एक हात वर, एक हात खाली. हलवा.’’

मी हलवलं.

‘‘काय लागलं हाताले?’’

‘‘सैल लागतंय. आत काहीतरी हलतंय.’’

‘‘हां. आता मी सांगतो ते खरं. तुमच्या हातानं आधी सांगतलं पाह्यजे, मंग माह्या तोंडानं.’’

हा त्यांचा नियम होता, आणि तो सगळ्यांना लागू होता. एकदा जळगावकडचे एक बडे शेतकरी जुनी जीप घेऊन आले. कडक इस्त्रीचा पांढरा पोशाख, कुणाच्या तरी साखरपुड्याला निघालेले. ‘‘मिस्त्री, काय असन ते बदलून टाका, मले घाई हाये,’’ म्हणाले. त्या जीपचा सैलपणा चाक हलवून कळत नव्हता, खालून टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, लावूनच कळणार होता. पुंजाजीभाऊंनी शांतपणे जमिनीवर पोतं अंथरलं. ‘‘पाटील, आडवे व्हा.’’ पाटील म्हणाले, ‘‘अहो, विश्वास हाये माहा तुमच्यावर!’’ ‘‘तुमचा हाये जी, पन जॉइंटचा नाही. तो म्हनते, मालक पाहीन तवाच मी निघन.’’ शेवटी पाटील आडवे झाले, टॉमी दाबली, सैलपणा पाहिला आणि पाठीवर ग्रीसचा नकाशा घेऊन साखरपुड्याला गेले. गंमत म्हणजे पुढे वर्षभर ते स्वतःच लोकांना सांगत फिरले, ‘‘मी खाली घुसून पाह्यलं ना राजेहो, एवढा प्ले होता!’’

जुना जॉइंट काढताना ते दोन हातोडे घ्यायचे आणि ज्या लोखंडी डोळ्यात जॉइंटचा दांडा अडकलेला असतो, त्या डोळ्यावर दोन्ही बाजूंनी एकदम मारायचे. नटावर कधीच नाही. मारताना जॉइंटशी बोलणं चालू असायचं. ‘‘निघ बे. लय वर्षं खाल्ले तू मालकाचे टायर. निघतं का बोलवू तुया बापाले?’’ बाप म्हणजे तिसरा, मोठा हातोडा. तो सहसा बोलवावा लागत नसे. निघालेला जॉइंट रॉकेलने धुऊन, कागदात बांधून ते मालकाच्या हातात द्यायचे. ‘‘घरी ठेवा. आपन काय खराब केलं ते मानसाले दिसलं पाह्यजे.’’ नांदुऱ्यात कितीतरी घरांत दारं अडवायला आणि कागद दाबायला त्यांचे जॉइंट आहेत. माझ्या टेबलावर दोन आहेत. उत्तरपत्रिकांवर ठेवतो.

नवा जॉइंट बसला की सुतळी निघायची. गाडीच्या दोन्ही अंगांना पाइपाचे तुकडे रोवून त्यांना सुतळ्या ताणायच्या, आणि सुतळीपासून रिमच्या पुढच्या व मागच्या काठाचं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजायचं. माझ्या डाव्या रिमला जुना पोचा होता. तो ध्यानात ठेवून ते चाक अर्धा फेरा फिरवून दोनदा मोजायचे. मग चाकाची दिशा ठरवणारा टाय रॉड किंचित फिरवायचा, त्याला जागी धरणारा चेकनट कसायचा, आणि शेवटी खिशातून गुलाबी नेलपॉलिशची बाटली काढून नटावरून रॉडवर एक बारीक रेघ ओढायची.

‘‘हे काय?’’ मी पहिल्यांदा विचारलं होतं.

‘‘दृष्ट लागू नये म्हनून. तुमची वहिनी लावत नाही, म्हनून गाडीले लावतो.’’

आतून वहिनींचा आवाज आला, ‘‘बाटली कोनाची हाये ते सांगा मास्तरले!’’

विज्ञानाचा शिक्षक म्हणून मी गालात हसलो. त्या रेघेचा खरा उपयोग मला कळला तेव्हा उशीर झाला होता.

आणि मग ती परीक्षा. जिनिंगच्या मागे जुना रस्ता आहे, सरळ आणि सपाट. कापसाचा हंगाम सोडला तर तिथे शेळ्यांशिवाय कुणी नसतं. पुंजाजीभाऊ चालत जाऊन रस्त्याच्या बरोबर मध्ये उभे राहायचे, कमरेवर हात ठेवून, आणि ओरडायचे, ‘‘हात सोडा! आना माह्या अंगावर!’’

पहिल्या वेळी मी गाडी थांबवून उतरलोच. ते वैतागले. ‘‘मास्तर, साधा हिशेब हाये. गाडी वाकडी असन तं बाजूले जाईन, मी वाचलो, पन काम चुकलं. सरळ असन तं माह्या अंगावर येईन, काम बरोबर. आता तुमाले मी वाचायले पाह्यजे की काम बरोबर पाह्यजे?’’

‘‘दोन्ही,’’ मी म्हणालो.

‘‘मंग ब्रेक मारा ना शेवटी! तो काय शोभेले देला हाये?’’

जेमतेम पंधराच्या वेगाने मी गेलो. गाडी रेषेत जाऊन त्यांच्यापासून चार हातांवर थांबली. खरं तर मी ब्रेक मारायच्या आधीच ते टुणकन बाजूला झाले होते, आणि दर वेळी होत असत. पण त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद असे, तो गाडीखाली येता येता राहिलेल्या माणसाचा नसे. आपलं म्हणणं सिद्ध झालेल्या माणसाचा असे.

अशी दोन वर्षं गेली. माझ्या सांगण्यावरून आमच्या शाळेतले चौघे-पाच जण त्यांच्याकडे जाऊ लागले. रविवारी त्यांच्या दुकानासमोरच्या लिंबाखालच्या बाकावर आमचं दुसरं स्टाफरूमच भरायचं.

आता माझा गुन्हा. तो उगाच लांबवत नाही.

आमच्या शाळेत वानखडे सर म्हणून भूगोलाचे शिक्षक नव्याने बदलून आले. जीभ तिखट. मी सुतळीचं वर्णन मोठ्या अभिमानाने केलं, तर सगळ्यांसमोर म्हणाले, ‘‘दोरीनं? गाडी हाये का गाय हाये सर? आणि तुम्ही विज्ञान शिकवता!’’ सगळे हसले. मीही हसलो. आणि त्याच आठवड्यात, पुंजाजीभाऊंनी नुकतीच सरळ करून दिलेली धडधाकट गाडी मी खामगावच्या बाजूच्या एका कॉम्प्युटरवाल्या दुकानात नेली. मशीन चांगलंच असेल. ते लावणारा माणूस मात्र सगळा वेळ फोनवर बोलत होता, आणि त्याने मशीनचा चिमटा नेमका माझ्या पोचा आलेल्या रिमवर बसवला. मला पोचा माहीत होता. मी बोललो नाही. मशीनला कसं सांगायचं, असं वाटलं. त्याने हिरव्या-लाल आकड्यांचा छापील कागद दिला. तो मी स्टाफरूमच्या फलकावर टाचणीने लावला.

दोन महिन्यांत पुढच्या डाव्या टायरची आतली कड साफ झाली. गाडी कुत्र्यासारखी डावीकडे ओढू लागली.

मी पुंजाजीभाऊंकडे गेलो आणि सांगितलं, ‘‘खड्ड्यात गेली हो. चांगलीच आदळली.’’

ते गाडीखाली गेले. बॅटरीचा उजेड थोडा वेळ एकाच जागी स्थिर राहिला. मग बाहेर येऊन, रुमालाने हात पुसत म्हणाले, ‘‘कोनत्या खड्ड्यात?’’

‘‘जळगावच्या रस्त्याला.’’

‘‘चाला, दाखवा.’’

‘‘आता? कशाला?’’

‘‘खड्डा पाह्यल्याबिगर मी काम नाही करत.’’

असा नियम मी कधी ऐकला नव्हता. पण ते पट्टी घेऊन गाडीत बसलेसुद्धा. बसताना दोन्ही गुडघे धरून कण्हले. ‘‘माहे बी जॉइंट गेले मास्तर. रबर फाटलं, ग्रीस संपलं.’’

एरवी त्या रस्त्यावर खड्ड्यांना तोटा नसतो. पण माझं नशीब असं, की महिन्याभरापूर्वीच तो नवा झाला होता. काळा, गुळगुळीत, पापडासारखा. मी इकडेतिकडे पाहत हळूहळू चाललो होतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा मनापासून खड्डा मागत होतो. पूर्णेच्या पुलाअलीकडे एक टवका उडालेला दिसला. मी घाईने ब्रेक मारला.

‘‘हा!’’

पुंजाजीभाऊ उतरले, कसेबसे वाकले, पट्टी लावली. ‘‘चार बोटं रुंद, अर्धं बोट खोल. मास्तर, यात तं माही बिडी बी मोडाची नाही.’’

‘‘मग... पुढे असेल.’’

कडेला एक बाई नदीच्या वाळूतली टरबुजं घेऊन बसली होती. त्यांनी तिला गाठलं. ‘‘बाई, इथं एक मोठा खड्डा होता, पाह्यला काय? या मास्तरचा हारपला.’’

बाई म्हणाली, ‘‘लय होते बाप्पा. मागच्या महिन्यात समदे बुजवले.’’

‘‘अन् मास्तर पडले कवा?’’ त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

‘‘गेल्या... आठवड्यात,’’ मी म्हणालो. निघताना तसं सांगून बसलो होतो.

‘‘बुजवलेल्या खड्ड्यात पडले!’’ बाई तोंडाला पदर लावून म्हणाली. ‘‘मास्तर लोकायचं समदंच अलग राह्यते.’’

पुंजाजीभाऊंनी एक मोठं टरबूज घेतलं आणि ते गाडीपर्यंत मला उचलायला लावलं. परतताना ते पूर्ण गंभीर होते. मिशीचा मात्र भरवसा नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी पुन्हा सरळ करून दिली, रेघ ओढली, अंगावर घेतली. खड्ड्याचं नाव काढलं नाही.

इथवर हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण त्यानंतरच्या सोमवारी शाळेत वानखडे सरांनी माझं नवं टायर पाहिलं. ‘‘काय हो, कॉम्प्युटर करूनही टायर गेलं?’’ फलकावर तो कागद होता. त्याखाली मी उभा होतो. आणि मी म्हणालो, ‘‘त्याआधी त्या सुतळीनेच वाकडी करून ठेवली होती ना. ते भोवलं.’’

एवढंच वाक्य. बोलायला श्वासभरसुद्धा लागला नाही. पण ऐकणारे चौघे-पाच जण पुंजाजीभाऊंचे गिऱ्हाईक होते.

जुलैतल्या एका दुपारी मी ग्रीस भरायला गेलो, तेव्हा लिंबाखालचा बाक रिकामा होता. एकही गाडी नव्हती. पुंजाजीभाऊ एका चाकाच्या रिमपाशी बसून सुतळी लावत होते, मोजत होते, पुसत होते आणि पुन्हा मोजत होते. त्या रिमला गाडीच नव्हती.

‘‘मास्तर लोकं दिसून नाही राह्यले,’’ ते म्हणाले. ‘‘परीक्षा चालू हाये काय?’’

जुलैत कसल्या परीक्षा. मी ‘‘हो’’ म्हणालो.

‘‘नाशिकची लेक म्हनते, गिऱ्हाईक नाही तं काऊन बसले? सामान भंगारात द्या, नाशिकले या, गुडघ्यायचं आपरेशन करून टाका. मी म्हनलं, थांब जरा. लोकं काऊन येऊन नाही राह्यले ते समजू दे. हात चुकला असन माहा, तं दुकान बंद. मंग वापस येत नाही.’’ त्यांनी स्वतःचा उजवा हात उलटसुलट करून पाहिला. ‘‘पन कुठं चुकला ते ध्यानात येऊन नाही राह्यलं. तीनदा मोजतो आता.’’

चाळीस वर्षं ज्या हाताने लोकांना खरं-खोटं दाखवलं, त्या हातावर हा माणूस माझ्यामुळे संशय घेत होता. मी तिथेच जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. आधी कॉम्प्युटर, मग खड्डा.

खड्ड्यापर्यंत आलो तशी त्यांची मिशी हलू लागली. ‘‘ते मले त्याच दिवशी ठाऊक होतं. रेघ तुटली होती ना! चेकनट सैल करते, रॉड दोन फेरे फिरवते, अन् नट पुन्हा कसून देते, असा हुशार खड्डा पाहाले मी पायी बी आलो असतो.’’

‘‘म्हणजे ती रेघ दृष्टीसाठी नव्हती?’’

‘‘दृष्टीसाठीच होती. माह्या दृष्टीसाठी.’’

‘‘मग तेव्हाच बोलला का नाहीत?’’

‘‘बोललो असतो तं तुम्ही रस्त्यानं खड्डे धुंडले असते काय? ती टरबूजवाली अजून इचारते, मास्तरचा खड्डा सापडला का म्हनून.’’

मग मी स्टाफरूममधलं वाक्य सांगितलं. गाय, दोरी, सगळं.

हे त्यांना माहीत नव्हतं. मिशी थांबली. त्यांनी सुतळी सोडून तिची हळूहळू गुंडी केली. मी शिव्यांची वाट पाहत होतो. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

‘‘म्हंजे हात नाही चुकला,’’ ते म्हणाले. आणि त्यांनी असा श्वास सोडला की मला जमिनीत जावंसं वाटलं. रागावण्याआधी त्यांना सुटल्यासारखं झालं होतं.

मग म्हणाले, ‘‘मास्तर, जिथं सैल केलं तिथंच कसा लागते. इथं माह्यापाशी बोलून काय फायदा? अन् त्या गायवाल्या सराले आना रविवारी.’’

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत, सगळ्यांचे डबे उघडलेले असताना, मी उभा राहिलो आणि बोललो. फलकावरचा कागद मीच काढला. वानखडे सर म्हणाले, ‘‘म्हणजे हा कागद खोटा?’’

‘‘कागदाचं माहीत नाही. मी खोटा.’’

रविवारी वानखडे सर आले, हे त्यांच्या बाजूने नोंदवलं पाहिजे. माझ्या गाडीच्या मागोमाग स्वतःची जुनी गाडीही घेऊन आले आणि ती जिनिंगच्या कोपऱ्यावर लावून माझ्या शेजारी बसले.

पुंजाजीभाऊंचे गुडघे तोवर फारच बिघडले होते. रस्त्याच्या मधोमध जाऊन उभं राहणं जमणार नव्हतं. म्हणून वहिनींनी घरातली लाल प्लास्टिकची खुर्ची नेऊन ठेवली आणि धरून त्यांना बसवलं. मग कपाळाला हात लावून त्या कडेला गेल्या. आजवर ते शेवटी टुणकन बाजूला व्हायचे. या खुर्चीतून त्यांना एकट्याने उठता येत नव्हतं. हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं. माझ्यासारख्या माणसाच्या गाडीसमोर ते हाताची घडी घालून बसले.

‘‘सोडा हात! आना माह्या अंगावर!’’

मी हात सोडले.

‘‘अहो, हात लावा!’’ वानखडे सर दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून ओरडले. ‘‘बसलेला माणूस हाये तो! लावा हात!’’

मी लावले नाहीत. गाडी सुतळीवरून चालल्यासारखी गेली. लाल खुर्ची मोठी होत गेली, रुमाल दिसला, मिशी दिसली. त्यांचे डोळे माझ्याकडे नव्हतेच, चाकांकडे होते. मी ब्रेक दाबला. गाडी त्यांच्या गुडघ्यांपासून दोन हातांवर थांबली. वानखडे सरांनी डोळे मिटून घेतले होते.

पुंजाजीभाऊंनी वाकून बॉनेटवर टिचकी मारली. ‘‘सर, गाय आली पाहा गोठ्यात.’’

मग त्यांनी खिशातून फोन काढून लेकीला लावला. ‘‘हां बाई. सामान भंगारात देत नाही. गुडघे करतो अन् वापस येतो.’’ पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. ‘‘इथंच हावो. रस्त्यात बसलो.’’

आम्ही त्यांना उठवायला दोन्ही बाजूंनी गेलो, तर हात झटकले.

‘‘काऊन उठवता? सर, तुमच्या गाडीची टकटक मी कोपऱ्यावरूनच ऐकली. पन आधी कितपत वाकडी हाये ते पाहू. आना.’’

‘‘अहो, माझी गाडी डावीकडे ओढते!’’ वानखडे सर म्हणाले.

‘‘मंग भेता काऊन? मले लागाची नाही.’’

वानखडे सर कोपऱ्याकडे निघाले. मी माझी गाडी बाजूने काढून पुढे नेली. त्यानंतरच्या आठवड्यात पुंजाजीभाऊ नाशिकला गेले, ते अजून परतायचे आहेत; मला निरोप द्यायला जमलं नाही. त्यामुळे आरशात दिसलं तेच माझ्यापाशी आहे. रिकामा सरळ रस्ता, कडेला चार शेळ्या, मधोमध लाल खुर्ची. तिच्यात बसलेल्या माणसाने माझ्याकडे पाठ केली होती. एक हात वर करून तो पुढच्या गाडीला बोलावत होता.